सूचना कुणासाठी?

आजचे युग विज्ञानाचे आहे, असे आपण नेहमी म्हणतो. पूर्वी विमान उडवावे ते वैमानिकाने. आता ड्रोन किंवा रिमोटवर चालणारे थर्माकोलचे विमान हौशी तरुणही उडवतात, त्याचे व्हिडिओ काढतात आणि ते घरोघरी मोबाईलवर पाहिले जातात. अशा व्हिडिओंच्या आरंभी धोक्याची सूचना असावी काय, असा प्रश्न पुष्कळदा निघतो. माझ्या मते सूचना जरूर असावी. पण आज असते तशी नसावी.

आज ती असते कशी? बारीक इंग्रजी अक्षरांत, दोनतीन सेकंद. मी सुरतेजवळच्या नवागामचा. ताप्ती लाइनने खानदेशातून आलेली कितीतरी कुटुंबे आमच्या भागात राहतात. घरात मराठी, बाजारात गुजराती. मराठी माध्यमात शिकलेल्या आमच्यासारख्या मुलांचे ती ओळ वाचून होण्याआधीच विमान आकाशात गेलेले असते. माझा नववीतला मामेभाऊ मला म्हणाला, "दादा, त्याने तर सहज उडवलं, मग मला का नाही जमणार?" त्याला आमच्या धाब्यावरून विमान उडवायचे होते. भोवती चिकटून घरे, प्रत्येक धाब्यावर लहान मुले. त्याचा प्रश्न मात्र रास्त होता, कारण व्हिडिओत त्याने फक्त 'सहज' तेवढेच पाहिले होते.

हा प्रश्न पोरखेळाचा नाही. यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी येथे पत्र्याचे काम करणाऱ्या एका 24 वर्षांच्या तरुणाने स्वतः हेलिकॉप्टर तयार केले. यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहून तो शिकला, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. ऑगस्ट 2021 मध्ये चाचणी घेताना पाते तुटून त्याच्या डोक्याला लागले आणि तो गेला. त्याची बुद्धी थोर होती, जिद्दही थोर होती. 'हे करू नका' या तीन शब्दांनी असा मुलगा थांबला असता काय? मला तसे वाटत नाही. पात्यावर किती ताण येतो, चाचणीच्या वेळी माणसाने कुठे असावे, हे सांगणारा कोणी भेटला असता, तर कदाचित उपयोग झाला असता.

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना ताळेबंदाखालच्या टिपा वाचायला शिकवतात. आकडे वर दिसतात, पण पुष्कळदा खरी गोष्ट टिपेत असते. हिशेबाच्या पहिल्या मानकात, म्हणजे 1979 च्या एएस-1 मध्ये, एक मोलाचे तत्त्व आहे: चुकीची नोंद केवळ ती उघड केल्याने बरोबर ठरत नाही. उडवणाऱ्यांनाही हे लागू आहे. अमेरिकेत ट्रेव्हर जेकब याने नोव्हेंबर 2021 मध्ये व्हिडिओसाठी मुद्दाम विमान कोसळू दिले आणि स्वतः पॅराशूटने उतरला. पुढे अवशेष नष्ट करून तपासात अडथळा आणल्याबद्दल डिसेंबर 2023 मध्ये त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. तिथे कोणती सूचना पुरी पडली असती?

म्हणून सूचना ही अंग काढून घेण्यासाठी नसावी, ती हिशेबाच्या टिपेसारखी असावी. ज्या भाषेत व्हिडिओ बोलतो त्याच भाषेत, तोंडाने सांगितलेली. शिकायला किती महिने लागले? किती विमाने मोडली? जागा कोणती निवडली, परवानगी लागली काय? 2021 च्या ड्रोन नियमांनी 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला, तसेच व्यापारी वापर नसल्यास 2 किलोपर्यंतच्या ड्रोनलाही, चालकाच्या परवान्यातून सूट दिली. पण आकाशाचे हिरवा, पिवळा, लाल असे विभागही पाडले. विमानतळ असलेल्या सुरतसारख्या शहरात सूट ऐकून विभाग विसरणे परवडणारे नाही.

कोणी म्हणेल, एवढे सांगत बसले तर हौसच मरेल. मला उलट वाटते. मोडलेल्या विमानांची गोष्ट ऐकून मामेभावाचा उत्साह वाढला. फक्त धाब्याऐवजी मोकळे मैदान शोधायला तो तयार झाला. हौशी मंडळींनी जरूर उडवावे आणि आम्हाला दाखवावेही. मात्र जमा दाखवताना खर्चाची बाजूही दाखवावी, एवढीच विनंती.