अठ्ठावीस घरे, सत्तावीस सभासद

डोंबिवली पूर्वेच्या एका सात मजली इमारतीच्या नोटीस बोर्डावर मार्च २०२२ मध्ये एक कागद लागला. लिफ्टचे दोर, मोटर आणि कंट्रोल पॅनेल बदलायचे आहे. खर्च पाच लाख साठ हजार. दर फ्लॅटमागे वीस हजार रुपये पंधरा दिवसांत भरावेत. खाली सेक्रेटरींची सही आणि सोसायटीचा गोल शिक्का. येणारे-जाणारे थांबत, वाचत, ‘बाप रे’ म्हणत आणि लिफ्ट बंद असल्यामुळे जिना चढू लागत.

पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी मात्र पैसे द्यायला साफ नकार दिला. “पंचवीस वर्षांत मी त्या डब्यात पाय ठेवलेला नाही. वरचे वापरतात, वरच्यांनी भरावं,” त्यांनी वॉचमनलाच सुनावले. काकू एकाहत्तर वर्षांच्या. नवरा २०१४ मध्ये गेला, एक मुलगा पुण्यात, दुसरा बंगळुरूला. मिळणाऱ्या फॅमिली पेन्शनमधून मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, त्यामुळे चार महिन्यांचा मेंटेनन्सही राहिला होता. आठवड्याभराने वॉचमन परत निरोप घेऊन आला: पैसे भरले नाहीत तर पाण्याची लाइन बंद करू.

पाचव्या मजल्यावरच्या वहिनींनी हे जिन्यातच ऐकले. काकूंच्या दारात त्या भाजीची पिशवी टेकवून दम खात होत्या. संताप आला तो आधी पाण्यावरून. म्हाताऱ्या बाईचे पाणी तोडायचे म्हणजे काय! पण घरी येऊन त्यांनी नवऱ्याला विचारले, “अहो, असं करता येतं का त्यांना?” तेव्हा उत्तर मिळाले, “सोसायटी आहे, काहीही करू शकते.” या वाक्यावर आपल्याकडची निम्मी माणसे आयुष्य काढतात. वहिनींनीही बारा वर्षे काढलीच होती. एकाही सभेला त्या गेल्या नव्हत्या. सभेची सूचना आली की ती फ्रीजवर, आणि महिन्याने रद्दीत.

त्या रात्री लाइट बिलांच्या पिशवीतून त्यांनी उपविधींचे पुस्तक शोधून काढले. फ्लॅट घेताना मिळालेले, एकदाही न उघडलेले. दोन-तीन पाने वाचून डोळे मिटावेत अशीच त्याची भाषा. पण वहिनी पूर्वी शाळेत गणित शिकवत. पेन्सिल घेऊन त्या खुणा करीत गेल्या.

पहिला धक्का काकूंच्याच विरुद्ध बसला. लिफ्टचा चालवण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च त्या इमारतीतल्या सर्व सभासदांनी सारखा वाटून घ्यायचा, लिफ्ट वापरा किंवा वापरू नका, असे आदर्श उपविधीत स्पष्ट म्हटलेले. सफाई, वॉचमन, जिन्यातले दिवे यांचा सेवाशुल्काचा वाटाही घर लहान असो की मोठे, सारखाच. पाण्याचे पैसे नळांच्या संख्येवर. दुरुस्ती निधी वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड किमान पाव टक्का. हे आकडे बिलावर दर महिन्याला छापलेले असत, पण ते कशाचे, हे वहिनींना त्या रात्री कळले.

पाणी तोडण्याबद्दल मात्र पुस्तकात कुठेच अक्षर नव्हते. थकबाकी असेल तर व्याज लावा. तेसुद्धा सरळव्याज, आणि २०१४ च्या आदर्श उपविधीप्रमाणे वर्षाला २१ टक्क्यांच्या वर नाही. तरीही पैसे आले नाहीत तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज करून वसुलीचा दाखला मिळवा. पुढची वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते. मार्ग लांबचा आहे खरा, पण तोच कायद्याचा आहे. वॉचमनकरवी निरोप पाठवणे हा मार्ग नव्हे.

आणि आणखी एक गोष्ट. ठरावीक रकमेपलीकडचा दुरुस्तीचा खर्च कमिटी आपल्या अधिकारात करू शकत नाही, त्याला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. पाच लाख साठ हजारांसाठी अशी सभा झालीच नव्हती. कमिटीने बैठक घेतली, ठराव लिहिला, नोटीस लावली.

इथे एक सांगायला हवे. हे सारे नियम सहकारी गृहनिर्माण संस्थेचे आहेत, म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या सोसायटीचे. २०१९ मध्ये त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळे प्रकरणच घातले गेले. पण प्रत्येक इमारत सोसायटी असतेच असे नाही. महाराष्ट्रातच १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या इमारती आहेत. काकूंचा धाकटा मुलगा बंगळुरूला राहतो त्या इमारतीत ‘असोसिएशन’ आहे, आणि कर्नाटकच्या १९७२ च्या अपार्टमेंट मालकी कायद्यात सामाईक खर्च घराच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने वाटला जातो, सारखा नव्हे. फोनवर आईला “तुझा वाटा कमी यायला हवा” असे सांगून काकूंच्या हट्टाला बळ त्यानेच दिले होते. त्याच्या गावी तो बरोबरच होता! तेव्हा इंदूर असो वा हैदराबाद, भांडायला उतरण्याआधी आपली इमारत कोणत्या कायद्याखाली नोंदली आहे, ते नोंदणीच्या दाखल्यावर पाहून घ्यावे.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी सेक्रेटरींना लेखी अर्ज दिला. सर्वसाधारण सभांची आणि कमिटीची इतिवृत्ते, शेवटचा ऑडिट झालेला ताळेबंद आणि सभासदांची नोंदवही पाहायची आहे.

सेक्रेटरी रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ. अर्ज वाचून त्यांचा चेहरा उतरला. “वहिनी, हिशेब तपासणार? विश्वास नाही का आमच्यावर?”

“विश्वास आहे म्हणूनच तुमच्याकडे आले, काका. नाहीतर वर गेले असते.”

कागदपत्रे पाहण्याचा हा हक्क सहकार कायद्यात पहिल्यापासून आहे. पाहायला पैसे पडत नाहीत, नकला हव्या असतील तर ठरलेले शुल्क भरायचे. तरी हा हक्क मागणे म्हणजे चोरीचा आळ घेणे, असा आपल्याकडे समज आहे. तीन संध्याकाळी वहिनी गच्चीखालच्या त्या आठ बाय दहाच्या ऑफिसात बसल्या. चोरी सापडली नाही. सापडला तो आळस, आणि तो सर्वांचा मिळून. वार्षिक सभेला सात, नऊ, सहा अशा सह्या. प्रत्येक वेळी ‘गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब’ आणि मग त्याच सात जणांनी सर्वांचे निर्णय केलेले. कमिटीत महिलांच्या दोन राखीव जागांवर दोघींची नावे होती. त्या कधी बैठकीला आल्या नव्हत्या, वही सहीसाठी घरी जात असे. टँकर न आल्याची पहाटे पाचची फोनाफोनी, गटार तुंबल्यावर माणूस शोधणे, महानगरपालिकेच्या खेपा, हे सारे एकटे सेक्रेटरी आठ वर्षे करीत होते. एक पैसाही न घेता आणि प्रत्येकाचा शब्द खाऊन. अशा माणसाला हळूहळू इमारत आपलीच वाटू लागली, तर नवल नाही.

सभासदांच्या नोंदवहीत मात्र वहिनींचे बोट थांबले. पहिल्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटसमोर काकूंच्या यजमानांचे नाव, आणि पुढे लाल शाईत ‘मयत’. त्याखाली काही नाही.

“म्हणजे काकू सभासद नाहीत?”

“नाहीत. त्यांनी अर्जच केला नाही कधी. अठ्ठावीस घरं, पण सभासद सत्तावीस,” सेक्रेटरी म्हणाले. “बिल आम्ही अजून त्यांच्या यजमानांच्याच नावानं काढतो.”

आठ वर्षे काकू मयत नवऱ्याच्या नावाने आलेली बिले भरत होत्या. घर त्यांचे, पण सभेत त्यांना मत नव्हते, निवडणुकीला उभे राहता येत नव्हते. उद्या इमारतीच्या पुनर्विकासाची गोष्ट निघाली असती, तर सभासदांच्या यादीत त्यांना शोधूनही कोणाला काही सापडले नसते. वहिनींनी नामनिर्देशनाची वही मागितली. ती शोधायला दीड तास लागला. जुन्या रंगाच्या डब्यांमागच्या ट्रंकेत होती. १९९८ च्या एका पानावर काकूंच्या यजमानांच्या अर्जाची नोंद निघाली, आणि फायलीत तो अर्जही. नामनिर्देशित व्यक्ती : पत्नी.

ती झेरॉक्स हातात घेऊन काकू बराच वेळ बसून होत्या. “मला कधी बोलले नाहीत हो,” एवढेच म्हणाल्या.

नामनिर्देशन असले की सगळे झाले, असे मात्र नाही, आणि याबद्दल घरोघरी मोठा गैरसमज आहे. नाव लावलेल्या व्यक्तीला सोसायटी नामनिर्देशनावरून तात्पुरते सभासद करून घेते; घराचा मालक कोण, हे वारसा हक्कानेच ठरते. काकूंच्या बाबतीत वारस तिघे : त्या आणि दोन मुलगे. मुलांनी आईच्या नावे हक्कसोडपत्र नोंदवून दिले, तर घर पूर्णपणे त्यांच्या नावावर होणार होते. वारसाच्या नावे हस्तांतर होताना सोसायटीला प्रीमियम मागता येत नाही, हेही वहिनींनी वाचून ठेवले होते. मुलांना हे फोनवर सांगताना काकूंचा आवाज कापरा झाला. पोटच्या पोरांकडे सही मागायची म्हणजे जिवावर येते. थोरला क्षणभर गप्प राहिला. त्या एका क्षणात वहिनींना आपण हे उकरायला नको होते, असे वाटून गेले. मग तो म्हणाला, “आई, हे बाबा गेल्यावर लगेच आम्हीच करायला हवं होतं.”

लिफ्टचा प्रश्न राहिलाच होता. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली, तर कमिटीला महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. सत्तावीसचे एक पंचमांश म्हणजे सहा सह्या. त्या एका संध्याकाळी मिळाल्या. अवघड पुढेच होते. सभासदांच्या मागणीवरून बोलावलेल्या सभेला अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही, तर ती तहकूब होत नाही, रद्दच होते. गणपूर्ती म्हणजे दोनतृतीयांश सभासद किंवा वीस, यांत जी संख्या कमी असेल ती. इथे अठरा. ज्या सोसायटीत नवाच्या वर सह्या कधी झाल्या नव्हत्या, तिथे अठरा!

एप्रिलमधल्या शेवटच्या रविवारी सकाळी दहाला पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. वहिनींचे यजमान ड्यूटीवर. शेअर सर्टिफिकेटवर पहिले नाव त्यांचे, दुसरे वहिनींचे. म्हणून त्यांचे संमतिपत्र घेऊन वहिनी आल्या होत्या. सव्वादहाला चौदा जण. काकू पहिल्या रांगेत इस्त्रीची साडी नेसून बसल्या होत्या, पण त्या मोजायच्या नव्हत्या. वीस मिनिटे झाली तेव्हा सतरा. कोणी तरी म्हणाले, मी माझ्या भावाची सही करतो. सेक्रेटरी म्हणाले, बदली माणूस चालत नाही. नियम त्यांनाही पाठ होते तर!

वहिनी उठल्या आणि जिना चढू लागल्या. सातव्या मजल्यावरच्या गृहस्थांशी गेली तीन वर्षे त्यांचे बोलणे बंद होते. कुंड्यांचे पाणी खाली कपड्यांवर पडते, यावरून सुरू झालेले भांडण पोलीस चौकीपर्यंत गेले होते. बेल वाजवताना त्यांना धाप लागली होती.

“सभेला याल का? एक माणूस कमी पडतोय.”

“मी येऊन तुमच्या विरुद्ध बोललो तर?”

“बोला ना. पण खाली येऊन बोला.”

दहा अठ्ठावीसला अठरावी सही झाली. गृहस्थ खरोखरच विरुद्ध बोलले. वहिनींना पैसे तीन हप्त्यांत हवे होते. त्यांचे म्हणणे, काम एकदम करायचे तर पैसेही एकदम लागतील. अर्धा तास बरीच गरमागरमी झाली. दुसरे कोटेशन मागवल्याशिवाय मंजुरी नको, ही सूचनाही त्यांचीच, आणि ती सर्वांना पटली. शेवटी दोन हप्त्यांवर मतैक्य झाले. वाटा सर्वांचा सारखाच, पहिल्या मजल्याचाही. कोणाचेही पाणी तोडले जाणार नाही, हे चेअरमननी इतिवृत्तात लिहून घेतले. मात्र थकबाकी उपनिबंधकांकडे नेण्याचा अधिकार कमिटीने राखून ठेवला. काकूंनी हे ऐकले आणि तोंड वाकडे केले. वहिनींनी आपली बाजू घ्यावी, असे त्यांना वाटत होते. पुढचे पंधरा दिवस त्या वहिनींशी जेवढ्यास तेवढेच बोलल्या.

गणपतीला दोन्ही मुलगे आले आणि हक्कसोडपत्र नोंदवून गेले. २५ सप्टेंबर २०२२ च्या वार्षिक सभेत हजेरीच्या वहीत अठ्ठाविसावे नाव छापलेले होते. काकूंनी चष्मा पुसला, पूर्ण नावाने सही केली, आणि ती बरोबर रेघेवर आली की नाही, हे पुन्हा वाकून पाहिले. महिलांच्या राखीव जागेवर वहिनींचे नाव सुचवले गेले, तेव्हा हात वर करणाऱ्यांत त्या होत्या.

सभा संपली. वहिनी सवयीने जिन्याकडे वळल्या. काकू लिफ्टच्या दारासमोर उभ्या होत्या.

“बटण कुठलं दाबायचं गं? वीस हजार भरलेत, एकदा सातव्यापर्यंत तरी जाऊन येते.”