हरवलेल्या पोथ्यांची नोंद

१८६१ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. चीनमधल्या हांगचौ शहराबाहेरच्या एका गावच्या बाजारात डिंग शेन आणि डिंग बिंग या दोघा भावांच्या नजरेला एक कागद पडला. तायपिंग बंडखोरांनी शहर घेतलं होतं आणि पुस्तकांचा जबर नाद असलेले हे दोघे गृहस्थ जीव मुठीत धरून बाहेर पडले होते. दुकानदार त्या कागदात माल बांधून देत होता. कागद छापील नव्हता, हाताने लिहिलेला होता, आणि अक्षर एकसारखं, घोटीव. दोघांनी तो ओळखला. शहरातल्या वेनलान ग्रंथागारात बादशहाने ठेवलेल्या ‘सिकू छ्वानशू’ या महासंग्रहाची ती पानं होती.

खाऱ्या दाण्यांची पुडी उलगडून तिच्यावरचं वाचायची खोड मलाही आहे. त्यामुळे ही हकीकत वाचली ती मनातून जाईना. पुडीवरचा मजकूर नेमका रंगात आला की तुटतो. ते पुस्तक कुठलं, त्याची बाकीची पानं कुठे गेली, दुसरी प्रत कोणाकडे आहे का, हे आपल्याला कधीच कळत नाही. डिंग बंधूंना मात्र ते कळू शकत होतं. कारण त्या संग्रहाची यादी होती.

यादी म्हणजे तरी कसली! सिकू छ्वानशू म्हणजे ‘चार भांडारांतले सर्व ग्रंथ’. छियानलोंग बादशहाने १७७२ मध्ये देशभरातून पुस्तकं मागवली, १७७३ मध्ये संपादनाचं काम सुरू झालं आणि पहिली प्रत १७८२ च्या आरंभी हातात आली. सुमारे ३,४६० ग्रंथ, ३६,००० च्या वर बांधीव भाग, आणि नकलून काढायला ३,८०० च्या आसपास लेखनिक. अशा सात प्रती केल्या. चार भांडारं म्हणजे अभिजात शास्त्रग्रंथ, इतिहास, विचारवंत आणि साहित्यसंग्रह. राजवाड्यातल्या प्रतीत त्यांना अनुक्रमे हिरवी, तांबडी, निळी आणि राखी रेशमी वेष्टनं. म्हणजे कपाट उघडल्याबरोबर, अक्षर न वाचता, आपण कुठल्या विषयासमोर उभे आहोत ते कळावं. आमच्या ऑफिसातल्या फायलींना ही सोय केव्हा येणार, देव जाणे.

सातांपैकी एक प्रत १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच सैन्याने बादशहाची उन्हाळी बाग जाळली तेव्हा गेली. यांगचौ आणि झेनच्यांग इथल्या दोन तायपिंगच्या धुमाळीत गेल्या. तीन पूर्ण वाचल्या. त्या आज तैपेई, बीजिंग आणि लानचौ इथे आहेत. सातवी ही हांगचौची, पुड्या बांधायला लागलेली. भावांनी माणसं लावून, रात्री-अपरात्री जाऊन, मिळतील ती पानं गोळा केली. आठ हजारांवर भाग हाती लागले, म्हणजे मूळच्या साधारण चौथाई. पुढे १८८० च्या दशकात त्यांनी यादी समोर ठेवून गहाळ भागांच्या नकला करायला घेतल्या. या महासंग्रहाची दोनशे प्रकरणांची सूची १७९५ मध्ये त्यांच्याच प्रांतात छापली गेली होती. तिच्यात प्रत्येक ग्रंथाचं नाव, कर्ता, खंडसंख्या आणि परीक्षण. कुठे काय नाही ते सूचीने सांगायचं आणि ते कोणाच्या खासगी कपाटात आहे ते भावांनी शोधायचं. शंभरावर लेखनिक, सातेक वर्षं, २६,००० हून जास्त भाग. त्यांच्या हातून राहिलेलं १९१५ आणि १९२३ मध्ये दुसऱ्यांनी पुरं केलं.

मी पेशाने कारकून. आवक-जावकाची रजिस्टरं भरण्यात वीसेक वर्षं गेली, त्यामुळे ‘नोंद’ या शब्दाकडे लोक जसे जांभई देत बघतात तसं मला बघता येत नाही. चिनी भाषेचं एक अक्षर मला येत नाही. जे वाचलं ते इंग्रजीतून. पण या लोकांनी यादी करणं हे काम हलकं मानलं नाही, तिथे माझं आणि त्यांचं जुळलं.

त्यांचा या धंद्यातला मूळपुरुष लिऊ श्यांग. इ.स.पू. २६ मध्ये हान बादशहाने गावोगाव माणूस पाठवून पुस्तकं जमवली आणि ती तपासायचं काम याच्याकडे दिलं. तेव्हा पुस्तक म्हणजे बांबूच्या पट्ट्या, दोऱ्याने ओवलेल्या. दोरा तुटला की ग्रंथाची मोळी. लिऊ श्यांग एकेका ग्रंथाच्या मिळतील तेवढ्या प्रती समोर घेई, ताडून बघे, आणि शेवटी बादशहाला अहवाल लिही. श्युन्झी या तत्त्वज्ञाच्या ग्रंथाबद्दलचा त्याचा अहवाल तर मला तोंडपाठ झालाय: प्रकरणं आली ३२२, त्यांतली २९० दुबार निघाली, उरली ३२. आज जगभर तो ग्रंथ ३२ प्रकरणांचाच वाचतात. बापाचं काम मुलाने, लिऊ शिनने, पुरं करून सूची बांधली. ती सूची हरवली. पण बान गू या इतिहासकाराने आपल्या हान घराण्याच्या इतिहासात ती आटोपशीर करून घातली होती म्हणून कळते. तिच्यातले बहुतेक ग्रंथ आज नाहीत. नावं आहेत.

आता कोणी म्हणेल, यादी करायला काय लागतं? नाव लिहा, नंबर घाला. चिनी जुनं पुस्तक समोर आल्यावर हे इतकं सोपं राहत नाही. वेष्टनावर एक नाव, आत प्रकरणाच्या डोक्यावर दुसरं. लेखकाचं जन्मनाव वेगळं, वयात आल्यावरचं वेगळं, आणि स्वतःच्या हौसेने घेतलेली दोन-चार आणखी. पुस्तक लाकडी ठशांवरून छापलेलं, आणि तेच ठसे शंभर-दोनशे वर्षं पुन्हा पुन्हा वापरलेले. मग हे छापलं कधी? सूचीकार अर्ध्या पानात ओळी किती, ओळीत अक्षरं किती ते मोजतो. घडीच्या रेषेवर माशाच्या शेपटीसारखी खूण असते, ती काळी की पांढरी ते पाहतो. आणि सगळ्यात नामी उपाय म्हणजे बादशहाचं नाव. गादीवरच्या राजाच्या नावातलं अक्षर लिहायला बंदी असे. लिहिणारे ते बदलत किंवा त्याचा शेवटचा फराटा गाळत. कांगशी बादशहाच्या नावातलं ‘श्वान’ हे अक्षर एका फराट्याने अपुरं दिसलं, की समजायचं, छपाई १६६२ च्या आधीची नव्हे. राजाच्या धाकाने गाळलेली एक रेघ तीनशे वर्षांनी ग्रंथपालाला तारीख सांगते!

रोमन स्पेलिंगचा घोळ आणखी वेगळा. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने चिनी नावं लिहायची जुनी पद्धत सोडून १ ऑक्टोबर २००० पासून पिनयिन घेतली, तेव्हा लाखो नोंदी बदलाव्या लागल्या. लाओत्सेचं पुस्तक ‘टी’मध्ये शोधणाऱ्याला ‘डी’मध्ये जावं लागलं. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. पोर्तुगेज कागदांतले कामोतिम, पोरोब आणि सिनाय शोधताना कामत, प्रभू आणि शेणै डोक्यात ठेवावे लागतात, हे गोव्यातल्या कुठल्याही वारसा-दाखलेवाल्याला विचारा.

जतनाचे त्यांचे उपायही वाचण्यासारखे आहेत. जुने कागद एका झाडाच्या सालीच्या पिवळ्या रसात रंगवत, त्या कडवटपणामुळे किडे लागत नसत. आपण वेखंड आणि कडुनिंबाचा पाला ठेवतो तसंच. निंगबो इथे फान चिन नावाच्या निवृत्त अधिकाऱ्याने १५६० च्या दशकात बांधलेलं त्यान-यी ग्रंथागार आजही उभं आहे. आगीच्या भीतीने समोर तळं खोदलं, पुस्तकांत वासाची वनस्पती घातली, दमट शोषून घ्यायला कपाटांखाली दगड ठेवले. मरताना त्याने वाटणी केली ती अशी: एका वाट्यात दहा हजार ताएल चांदी, दुसऱ्यात ग्रंथ. थोरल्या मुलाने ग्रंथ घेतले. नियम मात्र इतके कडक की कपाटांच्या किल्ल्या घराण्याच्या शाखांत वाटलेल्या, सगळे जमल्याशिवाय कुलूप उघडायचं नाही, आणि बायकांनी माडीवर चढायचं नाही. बाहेरच्या पहिल्या विद्वानाला, ह्वांग झोंगशीला, आत घेतलं ते १६७३ मध्ये! शंभर वर्षांवर पुस्तकं सुखरूप राहिली खरी, पण वाचली कोणी? मला स्वतःला हा देव्हारा मानवत नाही. आणि एवढं करून १९१४ मध्ये चोर शिरलेच. चोरीचा बराच माल शांघायच्या एका प्रकाशनसंस्थेने विकत घेऊन आपल्या ग्रंथालयात ठेवला, आणि १९३२ मध्ये जपानी बाँबहल्ल्यात तो जळून गेला.

पण यादीचं गुणगान गाताना तिची दुसरी बाजू लपवता येत नाही. छियानलोंगने पुस्तकं मागवली ती जतनासाठी आणि चाळण्यासाठीही. मांचू राजवटीला टोचणारं जे सापडलं ते जाळलं; अशा ग्रंथांची संख्या अभ्यासक दोन हजारांच्या वर धरतात. जप्तीच्याही याद्याच होत्या. वांग शीहौ नावाच्या माणसाने एका शब्दकोशात बादशहांची नावं न गाळता छापली, तर १७७७ मध्ये त्याचं डोकं गेलं. एकीकडे रेशमी वेष्टन आणि दुसरीकडे चूल, आणि दोन्हीकडे पुस्तक जातं ते कारकुनाने केलेल्या नोंदीवरूनच. हे वाचल्यापासून ‘वरच्या हुकुमाप्रमाणे’ हे शब्द लिहिताना माझा हात क्षणभर थबकतो.

तरी यादीचा स्वभाव चमत्कारिक आहे. बौद्ध भिक्षूंनी आपल्या ग्रंथांच्या वेगळ्या सूच्या केल्या. दाओआनने ३७४ मध्ये केलेली सूची हरवली, पण सहाव्या शतकाच्या आरंभी सेंगयौने ती आपल्या सूचीत घेतली होती. दाओआनने एक वर्ग असा केला की ‘अनुवादक अज्ञात’. कुठल्यातरी मोठ्या नावाला ग्रंथ चिकटवून देणं सोपं होतं. त्याने तसं केलं नाही. ७३० मध्ये झिशेंगने सर्वांत चोख सूची केली. जतन करण्याजोगे ग्रंथ १,०७६, खंड ५,०४८. त्याखेरीज एक मोठा विभाग ‘अनुवाद झाला होता, प्रत मिळत नाही’ अशा ग्रंथांचा, त्यात अकराशेच्या वर नावं. जे नाही त्याचीही नोंद! आणि एक विभाग बनावट ग्रंथांचा. राजाने बंदी घातलेल्या ‘तीन पायऱ्यांच्या’ पंथाची पस्तीस पुस्तकं त्याने त्यात टाकली. पंथ संपला, पुस्तकं नाहीशी झाली. १९०० मध्ये दुनह्वांगची बंद गुहा उघडली, तिथल्या गुंडाळ्या लंडन-पॅरिसला गेल्या, आणि याबुकी केइकी या जपानी अभ्यासकाला त्यांत त्या पंथाचे ग्रंथ सापडले. ते ओळखायला कामी आली ती झिशेंगने दिलेली काळी यादी.

इथून वाट थेट आपल्या घराकडे येते. साकवाळचे धर्मानंद कोसंबी आपल्याला परके नव्हेत. बुद्धघोषाचा ‘विसुद्धिमग्ग’ त्यांनी संपादित केला. फर्ग्युसन कॉलेजात त्यांच्या हाताखाली पाली शिकलेले पु. वि. बापट पुढे चिनीही शिकले. ‘विमुत्तिमग्ग’ नावाचा याच विषयावरचा ग्रंथ. त्याचं पाली मूळ हरवलेलं, पण सहाव्या शतकाच्या आरंभीचा चिनी अनुवाद याद्यांच्या आधाराने पिढ्यान्‌पिढ्या टिकलेला. बुन्यिउ नांजिओ या जपानी भिक्षूने १८८३ मध्ये ऑक्सफर्डला १,६६२ चिनी बौद्ध ग्रंथांची इंग्रजी सूची छापली, तिच्यातही तो आहे. बापटांनी दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून १९३७ मध्ये पुण्याहून तुलना प्रसिद्ध केली. गुरूने पालीतला ‘मग्ग’ शुद्ध केला, शिष्याने दुसरा चिनीतून परत आणला.

आपल्याकडे असा झिशेंग झाला नाही. सोळाव्या शतकात गोव्यात देवळांबरोबर कुठल्या पोथ्या गेल्या, त्यांची नावं कोणापाशी आहेत? फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ पासून तीनदा छापलं; त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही, हस्तलिखितांवरून आपण ते वाचतो. पण ते निदान माहीत तरी आहे. चीनने २००७ पासून १९१२ पूर्वीच्या सगळ्या जुन्या ग्रंथांची देशभर मोजणी सुरू केली.

गेल्या मे महिन्यात आजोळी गेलो होतो. माळ्यावर तांबड्या खारव्यात बांधलेल्या पोथ्या होत्या. मामांनी त्या कधी सोडल्या नव्हत्या, टाकल्याही नव्हत्या. दोन दुपार बसून मी वही केली. एकूण ४१ नोंदी. कसर लागलेल्या सात पोथ्यांना पहिलं पानच नाही. एक जुडगा मोडीतला, मला वाचता येत नाही. मामा शेजारी सुपारी कातरत बसले होते. म्हणाले, “नांवच ना जाल्यार बरयता तरी कितें तूं?”

मी लिहिलं: क्रमांक ३८. मोडी, पानं ४०, आरंभ आणि शेवट नाही, कर्ता अज्ञात, विषय कळला नाही.