विनामूल्य मुंबई : कोणी दिले, कोणासाठी दिले

बार्शी, लातूर, सांगली, अहिल्यानगर या बाजूंच्या व्यापारी कुटुंबांना मुंबई काही नवी नाही. मंगळदास मार्केट, मुळजी जेठा मार्केट, झवेरी बाजार, मशीद बंदर ही नावे घरातल्या लहान मुलांनाही पाठ असतात. खरेदी, लग्नकार्य, एखाद्या आप्ताचे रुग्णालय किंवा गुरुभगवंतांचे दर्शन अशा काही ना काही निमित्ताने वर्षातून दोन-चार फेऱ्या होतातच. तरीही ‘मुंबई पाहिली का?’ असे कोणी विचारले, तर बहुतेकांचे उत्तर ओशाळवाणे असते. पेढ्या पाहिल्या, स्टेशन पाहिले, धर्मशाळा पाहिली. शहर पाहायचे राहून गेले.

यामागे एक गैरसमज आहे. मुंबई पाहायची म्हणजे खिसा रिकामा करायचा, अशी समजूत रूढ झाली आहे. पाचजणांचे कुटुंब घेऊन तिकिटाच्या खिडकीसमोर उभे राहिले की हिशेबाची सवय असलेला माणूस मागे वळतो. वस्तुतः या शहरातील सर्वांत पाहण्याजोग्या गोष्टींपैकी कितीतरी गोष्टींना एक पैसाही लागत नाही. लागतो तो एक मोकळा दिवस, चालण्याची तयारी आणि सोबत खाखरा-थेपल्यांचा डबा व पक्के पाणी.

दिवसाचा आरंभ वाळकेश्वरला व्हावा. मलबार हिलच्या रिज रोडवर बाबू अमीचंद पनालाल आदीश्वरजींचे देरासर आहे. १९०४ साली उभे राहिलेले हे मंदिर मुंबईतील सर्वांत देखण्या जिनमंदिरांपैकी एक मानले जाते. प्रवेशद्वाराशी दोन्ही बाजूंना दगडी हत्ती आहेत. आत आदिनाथ प्रभूंची शांत मूर्ती, रंगवलेल्या भिंती आणि घुमटाच्या आतील बाजूस राशिचक्राचे चित्रण आहे. सकाळी पूजेची लगबग असते. त्या वेळी कॅमेरे बाजूला ठेवून केवळ दर्शन घ्यावे, हेच उचित.

तेथून चालत काही मिनिटांवर बाणगंगा तलाव आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही या तलावाचे पाणी गोडे आहे. सीतेच्या शोधात निघालेल्या रामाला तहान लागली तेव्हा बाण मारून येथे पाणी काढले, अशी आख्यायिका आहे. तलावाची बांधणी ११२७ मध्ये शिलाहार राजांच्या मंत्र्याने केली आणि १७१५ मध्ये रामा कामत यांनी दिलेल्या द्रव्यातून पुनर्बांधणी झाली, असे सांगितले जाते. पायऱ्यांवर बसून पाहिले तर चहूबाजूंना जुनी देवळे आणि त्यांच्या पाठीशी उंच इमारती दिसतात. नऊशे वर्षांचे शहर एकाच दृष्टिक्षेपात मावते. पुन्हा टेकडी चढून आले की फिरोजशहा मेहता उद्यान लागते. लोक त्याला हँगिंग गार्डन म्हणतात. हे उद्यान १८८१ मध्ये शहराला पाणी पुरवणाऱ्या जलाशयाच्या छतावर उभारले गेले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. समोरच्या कमला नेहरू उद्यानातील बुटाचे घर मुलांचे आवडते आहे आणि तेथून चौपाटीची वक्र किनार दिसते.

दुपारच्या आत गावदेवीच्या लॅबर्नम रोडवरील मणिभवनात पोहोचावे. १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की महात्मा गांधी येथे उतरत. घर होते रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचे. जैन वाचकाला या नावापाशी थांबावेच लागेल. १८९१ साली विलायतेहून परतलेल्या तरुण बॅरिस्टर गांधींची श्रीमद् राजचंद्रांशी पहिली भेट डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या घरी झाली. डॉ. मेहता हे रेवाशंकरभाईंचे बंधू. आणि त्या काळी श्रीमद् राजचंद्र रेवाशंकर जगजीवन यांच्या पेढीतील भागीदार होते. हिऱ्या-मोत्यांचे पारखी असलेले राजचंद्रभाई लाखांचा सौदा आटोपताच धर्मग्रंथ किंवा आपली वही उघडीत, असे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे. दुकानाची वही आणि आत्मचिंतनाची वही एकाच गादीवर ठेवणारा हा व्यापारी गांधीजींच्या मनावर कायमचा ठसा उमटवून गेला.

मणिभवनात आज संग्रहालय आणि ग्रंथालय आहे. दुसऱ्या मजल्यावर गांधीजींची खोली चरख्यांसह जपली आहे. गांधीजींच्या जीवनातील प्रसंग छोट्या देखाव्यांतून मांडले आहेत. रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहाची सूत्रे १९१९ मध्ये याच घरातून हलली आणि ४ जानेवारी १९३२ रोजी पहाटे याच घराच्या गच्चीवरून त्यांना अटक झाली. प्रवेशशुल्क नाही, दानपेटी आहे. तिच्यात काय टाकायचे, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी ठरवावे.

दुपार फोर्ट भागासाठी राखून ठेवावी. हॉर्निमन सर्कलच्या गोल बागेभोवती एकसारख्या कमानींच्या इमारती आहेत. बागेला नाव आहे ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बी. जी. हॉर्निमन यांचे. इंग्रज असूनही ते भारताच्या बाजूने उभे राहिले. एकेकाळी याच मोकळ्या जागेवर कापसाचे ढीग पडत. १८५० च्या दशकात टाऊन हॉलसमोरील वडाच्या झाडाखाली मूठभर दलाल शेअरांचे व्यवहार करीत. पुढे संख्या वाढली, जागा बदलत गेली आणि अखेरीस दलाल स्ट्रीट त्यांचे ठिकाण झाले. १८७५ मध्ये त्यांचा संघ रीतसर स्थापन झाला, तोच आजचा मुंबई शेअर बाजार. एवढ्या मोठ्या संस्थेचा जन्म झाडाच्या सावलीत, भाडे न देता झाला!

बागेसमोरच १८३३ साली पूर्ण झालेला टाऊन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीची इमारत. तिच्या तीस पायऱ्या आणि भव्य स्तंभ मुलांनाही चकित करतात. आत नाना शंकरशेट, जमशेटजी जिजीभाई यांचे पुतळे आहेत. या शहराच्या पहिल्या शाळा, रुग्णालये, रेल्वे यांच्या मागे ही माणसे उभी होती.

येथून फ्लोरा फाउंटन आणि हुतात्मा स्मारक ओलांडून काळा घोडा गाठता येतो. जहांगीर आर्ट गॅलरीत प्रवेश विनामूल्य आहे. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून ती १९५२ मध्ये उभी राहिली. येथे चित्रे कळलीच पाहिजेत असा आग्रह नाही. चित्रकार बहुधा तेथेच बसलेले असतात. विचारले तर आनंदाने सांगतात.

आता दिवसाचे खरे स्थळ येते. ओव्हल मैदानाच्या कडेला उभे राहावे. एका बाजूला आर्ट डेको शैलीच्या इमारतींची रांग, दुसऱ्या बाजूला उच्च न्यायालय व विद्यापीठाच्या गॉथिक वास्तू, आणि त्यांमध्ये सुमारे २८० फूट उंचीचा राजाबाई मनोरा. २०१८ मध्ये हा सारा वास्तुसमूह जागतिक वारसा म्हणून घोषित झाला. मनोऱ्यावर चढता येत नाही. पण मैदानातून तो जितका पूर्ण दिसतो, तितका जवळून दिसतही नाही.

हा मनोरा शेठ प्रेमचंद रायचंद यांच्या दानातून उभा राहिला. सुरतेहून आलेल्या या जैन गृहस्थाने कापूस आणि शेअर यांच्या व्यापारात असे स्थान मिळवले, की मुंबईच्या बाजाराचा अनभिषिक्त राजा म्हणूनच ते ओळखले जात. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बँका, भरावाच्या कंपन्या, नाना योजना रोज निघू लागल्या. त्या तेजीच्या दिवसांत प्रेमचंदांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि मातोश्री राजाबाई यांच्या नावे मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. त्या काळचे चार लाख!

१८६५ मध्ये युद्ध संपले आणि बाजार कोसळला. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो ८७ रुपयांना विकला गेल्याची नोंद आहे. घरेच्या घरे बुडाली. प्रेमचंदांनाही जबर फटका बसला आणि दोषही त्यांच्या माथी आला. तो सर्वस्वी अनाठायी होता असेही म्हणता येत नाही. त्या बँकेच्या कर्जवाटपात त्यांचा शब्द फार चालत असे. ज्या कागदांवर लाखोंचे आकडे होते, ते कागद राहिले आणि आकडे गेले. मात्र दान दिलेली रक्कम विद्यापीठाची झाली होती. १८६९ मध्ये पायाभरणी झाली आणि १८७८ मध्ये मनोरा पूर्ण झाला. कलकत्ता विद्यापीठाला त्यांनी दिलेल्या निधीतून सुरू झालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती आजही विद्वानांत मानाची आहे. पडझडीनंतर प्रेमचंदांनी पुन्हा धंद्यात पाय रोवले. १९०६ मध्ये ते निवर्तले. तेजीतील त्यांच्या बहुतेक योजनांची नावे आज कोणी घेत नाही. मनोऱ्याचे घड्याळ मात्र चालू आहे.

राजाबाईंविषयी एक गोष्ट सांगितली जाते. त्या दृष्टिहीन होत्या आणि सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम कसोशीने पाळीत. सायंकाळी मनोऱ्याची घंटा वाजली की त्यांना वेळ कळे. ही कथा खरी की लोकांनी रचलेली, हा वाद इतिहासकारांवर सोपवावा. पुत्राने आईच्या एका नियमासाठी वाजवलेली घंटा सबंध शहराने, कोणत्याही धर्माच्या माणसाने, एक पैसा न देता ऐकली, यातच तिचे मोल आहे.

मशीद बंदरला खरेदीसाठी जाणाऱ्यांनी भात बाजारातील केशवजी नायक यांची पाणपोई व घड्याळ-मनोराही जाता-येता पाहावा. पालिताण्याला ज्यांची टूंक आहे, तेच हे कच्छी जैन शेठ. १८७६ मध्ये त्यांनी हमाल, गाडीवान, वाटसरू यांच्यासाठी बाजाराच्या ऐन गर्दीत पाण्याची सोय केली. शत्रुंजयावरील टूंक पाहायला श्रद्धाळू डोंगर चढून जातात. ही पाणपोई मात्र पायाखालच्या वाटेवर असून अनेकांच्या नजरेतून सुटते.

भुलेश्वरच्या पांजरापोळीचेही तसेच. १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाई आणि जैन व्यापारी यांच्या पुढाकाराने ती सुरू झाली. कापड बाजाराच्या कोलाहलात आजही तेथे गायींचे हंबरणे ऐकू येते. मुलांना तेथे न्यावे आणि त्यांच्या हातून चारा द्यावा.

दिवसाचा शेवट मरीन ड्राइव्हवर व्हावा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. चोविहार करणाऱ्यांनी त्याआधीच डबा संपवावा आणि मग निवांतपणे कठड्यावर बसावे. ज्या बॅकबे भरावाच्या कल्पनेने १८६० च्या दशकात बाजाराला वेड लावले आणि कित्येकांना बुडवले, त्याच उपसागराच्या भरावावर पुढच्या शतकात हा रस्ता झाला. आज तेथे अब्जाधीश आणि शेंगदाणे विकणारा मुलगा एकाच कठड्यावरून तोच सूर्यास्त पाहतात.

निघण्यापूर्वी एवढे पाहावे : कोणते ठिकाण कोणत्या वारी बंद असते, याची चौकशी आधी करावी. पावसाळ्यात टेकडीच्या पायऱ्या निसरड्या होतात. वृद्ध सोबत असतील तर वाळकेश्वर आणि फोर्ट दोन दिवसांत विभागावेत. बेस्टची बस सर्वत्र जाते.

रात्री धर्मशाळेत परतल्यावर मुलांना एक हिशेब मांडायला सांगावा. आज पाहिलेल्यांपैकी विनामूल्य असे खरोखर काय होते? प्रत्येक ठिकाणचा खर्च कोणी ना कोणी केलेला होता. फक्त तो पाहणाऱ्याकडे मागितला नव्हता. आणि ग्रंथालय, पाणपोई, घड्याळ देताना देणाऱ्याने घेणाऱ्याची जात विचारली नव्हती. आपल्या समाजात आजही दान उदंड होते. मंदिरे उभी राहतात, उपाश्रय बांधले जातात, नावाच्या पाट्या लागतात, ते व्हावेच. पण आपापल्या गावाच्या बाजारपेठेत सर्वांना बसता येईल असा एखादा पार, सर्वांना वाचता येईल असे एखादे वाचनालय, हमालाला गार पाणी देणारी एखादी पाणपोई किती आहे? बार्शीत, लातुरात, सांगलीत शंभर वर्षांनी एखादे अनोळखी कुटुंब मोकळा दिवस घेऊन आले, तर त्याला विनामूल्य पाहण्यासारखे काय असेल, हे त्या मुलांनीच ठरवायचे आहे.