माहा नंबर कवा येईन?

मी अचलपूरला प्राथमिक शाळेत शिकवतो आणि रविवारी आमच्या क्लबच्या ‘ब’ संघाचा कर्णधार असतो. ‘ब’ संघ म्हणजे ‘अ’ संघात जागा न मिळालेले! एका हंगामात पहिल्या पाचपैकी चार सामने आम्ही हरलो.

संघात जिनिंगमध्ये काम करणारा एक पोरगा होता. उन्हात मन लावून क्षेत्ररक्षण करायचा, पण फलंदाजीला नेहमी अकरावा. पॅड बांधून बसायचा अन् षटकंच संपायची. एकदा म्हणाला, “सर, माहा नंबर कवा येईन?” मी हसून टाळलं. वर्गात ‘सगळ्यांना संधी द्या’ म्हणणारा मी, सलामीला मात्र स्वतःचंच नाव लिहीत होतो!

शेवटच्या सामन्यात त्याला सलामीला पाठवलं, मी अकरावा. त्यानं बारा धावा काढल्या. मी दोन तास पॅड बांधून बसलो, तेव्हा कळलं तो काय सोसत होता. चार धावा हव्या असताना मी पहिल्याच चेंडूवर बाद! तोच धावत आला. “पुढच्या साली पाहू, सर!”

आपला विदर्भ 1957-58 पासून रणजी खेळतो. पहिला करंडक मिळाला 1 जानेवारी 2018 ला, इंदूरला दिल्लीला हरवून. साठ वर्षं वाट पाहिली. पण दरवर्षी खेळायला तरी मिळालं.

तुमच्या गल्लीतला अकरावा गडी कोण? आज त्याला पहिली बॅटिंग द्या, बरं का!