पहिली मोटारसायकल आणि मागची सीट

मुलाच्या हातात लायसन्स आले की घरात मोटारसायकलचा विषय निघतोच. आमच्याकडेही तो निघाला आणि अडीच महिने चालला. अशा विषयावर घरातली पुरुष मंडळीच बहुधा बोलतात. पण या खरेदीत माझ्या भिशीचे पैसे जाणार होते आणि मागच्या सीटवर बहुतेक वेळा मीच बसणार होते. म्हणून मीही बोलले. आमच्या त्या चर्चेतून जे हाती लागले, ते इतर घरांनाही उपयोगी पडेल असे वाटते.

आम्ही अंबडला राहतो. मुलाच्या अब्बांचे शिवणकामाचे दुकान आहे. मोठा मुलगा जालन्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकल संपता संपता पाच वाजतात, मग एसटीची वाट बघायची आणि घरी पोहोचेपर्यंत मगरीबची वेळ टळून जायची. शिवाय दादीजानचे डोळे दाखवायला दर दोन-तीन महिन्यांनी जालन्याच्या गणपती नेत्रालयात जावे लागते. दुकानाचे अस्तर, धागा, बटणेही जालन्याहूनच येतात. गाडीची गरज होती, यात वाद नव्हता.

चाचांची गाडी कायम दारात उभी असायची. पण अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत अब्बांनी मुलाला तिची किल्ली दिली नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, अशी त्यात तरतूद आहे. त्या मुलालाही पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. अठरा पूर्ण झाल्यावर त्याने लर्निंग काढले, महिन्याभरानंतर आरटीओत चाचणी दिली आणि पक्के लायसन्स आले. त्याच रात्री जेवताना तो म्हणाला, “अम्मी, दोनशे सीसी घेऊ. आता कुणी रोख पैसे भरत नाही. हप्ते पाडून मिळते.”

या एका वाक्यात दोन प्रश्न होते. गाडी कोणती आणि पैसा कुठला.

आधी गाडीचे सांगते. अंबड-जालना रस्ता ज्यांच्या रोजच्या पायाखालचा आहे, त्यांना माझे म्हणणे लगेच पटेल. आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. मोटारसायकलवाल्याला जुनाच रस्ता. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चालतात, आणि अंधारात कित्येक ट्रॉल्यांच्या मागे साधा लाल दिवाही नसतो. जालना जवळ आले की रोलिंग मिलच्या सळया घेऊन जाणारे ट्रक. कडेला मुरूम, पावसाळ्यात चिखल. अशा रस्त्यावर नव्या माणसाला वेगापेक्षा थांबता येण्याची जास्त गरज असते.

शोरूममध्ये गेलो तेव्हा मुलाची नजर दोनशेवर होती. मी त्याला फक्त एवढेच म्हणाले, “स्टँड काढून बस आणि पाय टेकव.” नव्या चालकाचे दोन्ही तळपाय जमिनीवर नीट टेकले पाहिजेत आणि गाडी एका बाजूला कलली तर ती सावरता आली पाहिजे. शंभर सीसीच्या स्प्लेंडरची सीट जमिनीपासून ७८५ मिलिमीटर उंच, वजन ११२ किलोच्या आसपास. दीडशे सीसीची पल्सर दीडशे किलोच्या जवळ जाते. साडेतीनशे सीसीची क्लासिक १९५ किलोची. चालू गाडीत हे वजन कळत नाही. ट्रॅक्टरमागे अचानक थांबावे लागले, पाय मुरमावर पडला आणि मागे दादीजान बसलेली असली की मग एकेक किलो कळतो. आमचा मुलगा काडीपैलवान. दोनशेवर बसल्यावर त्याचे फक्त चवडे टेकत होते. ते त्यानेही पाहिले, पण तेव्हा बोलला नाही.

दुसरी गोष्ट ब्रेकची. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या मोटारसायकलींना एबीएस असणे बंधनकारक आहे. जोरात ब्रेक दाबला तरी ते चाक अडकू देत नाही, त्यामुळे गाडी घसरण्याचा धोका कमी होतो. १२५ आणि त्याखालच्या गाड्यांना निदान सीबीएस तरी लागते. त्यात पायाचा मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. नवे लोक घाबरले की एकच ब्रेक दाबतात, म्हणून ही सोय कामाची. जुनी गाडी बघताना म्हणूनच ती २०१९ च्या नंतरची आहे ना, हे आम्ही पहिल्यांदा विचारू लागलो.

तिसरी गोष्ट माझी, म्हणजे मागच्या सीटची. गाडी पसंत करताना सगळे जण पुढे बसून बघतात. मी शोरूममध्ये बुरख्यासकट मागे बसले तेव्हा विक्रेता मुलगा जरा गोंधळला. पण बसल्याशिवाय कळणार कसे? दोनशे सीसीच्या त्या गाडीची मागची सीट वीतभर आणि उंच, धरायला जागा बेताची. आपल्या आया-बहिणी एका बाजूला पाय सोडून बसतात. बुरखा, ओढणी, साडीचा पदर चाकात किंवा चेनमध्ये गेला तर काय होते ते आपल्यापैकी अनेकांनी आपल्या गल्लीत पाहिले आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत याची दखल घेतलेली आहे. मागे माणूस बसणार असेल तर धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी हवी. कपडे चाकात अडकू नयेत म्हणूनच तो नियम आहे. या जाळीला आपल्याकडे साडीगार्ड म्हणतात. गाडी देखणी दिसावी म्हणून पोरे तीच आधी काढून टाकतात. ज्या घरातल्या बायका बुरखा किंवा साडी नेसून मागे बसतात, त्या घरात ही जाळी काढू देऊ नका.

आता पैशाचा प्रश्न. हप्त्यावर गाडी म्हणजे व्याज, आणि व्याजाबद्दल आपल्या घरांत लहानपणापासून काय शिकवले जाते ते नव्याने सांगायला नको. मुलाचे म्हणणे होते की सगळेच घेतात. अब्बा रागावले नाहीत. त्यांनी दुकानाची वही पुढे ठेवली आणि म्हणाले, “लग्नसराई सोडली तर आठ महिन्यांत हप्ता कुठून काढायचा ते तूच सांग.” त्याने वही दोनदा उलटली. त्या रात्री दोनशे सीसीचे नाव पुन्हा निघाले नाही.

माझी मोहल्ल्यातल्या बारा जणींची भिशी आहे. प्रत्येकीचे महिन्याला तीन हजार, चिठ्ठी निघेल तिला छत्तीस हजार. ही बोलीची भिशी नाही. बोलीच्या भिशीत घाईची गरज असलेली बाई कमी रक्कम उचलते आणि तिचे नुकसान बाकीच्या वाटून घेतात. आमच्यात जी जितके भरते, तितकेच तिला मिळते. सातव्या महिन्यात माझी चिठ्ठी निघाली. अब्बांनी दहा हजार घातले. आठ हजार माझ्या भाईजानने कर्ज-ए-हसना म्हणून दिले. भाऊ-बहिणीत कागद कशाला, असे भाईजान म्हणत होते. पण सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला आणि साक्षीदार घ्यायला सांगितले आहे. नातेवाईक असेल तर लिहू नका, असे त्यात कुठे आहे? कागद केला. रक्कम, मुदत, दोन सह्या, दोन साक्षीदार.

चोपन्न हजारांत नवी गाडी येत नव्हती. जालन्यातल्या एका निवृत्त शिक्षकांची २०२१ ची स्प्लेंडर अठ्ठेचाळीस हजारांना ठरली. एकच मालक, एमएच २१ पासिंग, साडीगार्ड जागेवर. उरलेल्या सहा हजारांत मागचा टायर, चेन, कागदपत्रांचा खर्च आणि आयएसआय मार्कचे दोन हेल्मेट बसवले. दोन अशासाठी की कायद्याने मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागते, आणि कायदा नसता तरी डोके मलाही एकच आहे.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी कागदांत घाई करू नये. इंजिन आणि चासी नंबर आरसी बुकाशी ताडून बघावा. त्या गाडीवर पूर्वी कर्ज होते. ते फिटले होते, पण आरसीवर बँकेचे नाव तसेच होते. बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन ते आधी काढून घेतले, मग फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर केली. यात तीन आठवडे गेले आणि तेवढे दिवस गाडी शिक्षकांच्याच दारात राहिली. नाव बदलल्यावर चौदा दिवसांत विमाही नव्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो. सप्टेंबर २०१८ नंतर घेतलेल्या नव्या दुचाकींचा थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा असतो. तो कधी संपतो, ती तारीख आम्ही कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.

मुलगा खूश होता का? पहिल्या आठवड्यात नव्हता. मित्र म्हणाले, “ही तर दूधवाल्याची गाडी!” तो घरी येऊन गप्प बसला. मी समजूत घातली नाही. अठराव्या वर्षी मनात दोनशे सीसी असणे यात काही वाईट नाही. कमवायला लागला की स्वतःच्या हलाल कमाईतून तो त्याची गाडी घेईल, इन्शाअल्लाह. तोपर्यंत त्याच्याशी तीन गोष्टी ठरल्या आहेत. पहिले सहा महिने मगरीबनंतर हायवेवर जायचे नाही, प्रॅक्टिकलला उशीर झाला तर गाडी कॉलेजमध्ये ठेवून एसटीने यायचे. गाडी कुणालाही चालवायला द्यायची नाही. फोन वाजला तर गाडी थांबवून घ्यायचा.

मागच्या महिन्यात तो दादीजानला नेत्रालयात घेऊन गेला. निघण्याआधी त्याने स्वतःहून खाली वाकून तिच्या ओढणीचे टोक आत खोचले, तिचा पाय फूटरेस्टवर नीट ठेवला आणि मूठ कुठे धरायची ते दाखवले. मग सफरची दुआ म्हणून गाडी सुरू केली. दादीजानला हेल्मेट जड वाटते, तिची कुरकूर नाक्यापर्यंत ऐकू येत होती. भाईजानचे आठ हजार फिटायला अजून चार महिने आहेत. तो कागद कपाटात आहे आणि दर महिन्याला त्यावर मुलगाच तारीख घालतो.