उधारीचा चिंचोका

आजीने कनवटीला चिंचोके खोचले की कुंभकोणमला आमचा रविवार सुरू व्हायचा. कावेरीच्या घाटाकडे चालत जाताना जे आधी दिसेल त्याचं नाव सांगायचं, तमिळमध्ये आणि मराठीतही. दोन्ही जमली तरच चिंचोका. हात लावायचा नाही, घरटं हलवायचं नाही, हा दंडक.

अणिल म्हणजे खार. मीन्‌कोत्ती म्हणजे खंड्या. ताडाला लोंबणारी घरटी दिसली की मी ओरडायचो, ‘तूक्कणांकुरुवी!’ म्हणजे टांगलेली चिमणी, आपली सुगरण. तमिळने तिचं लोंबतं घर पाहिलं, मराठीने तिचं कसब.

व्यंकोजीराजांपासून १८५५पर्यंत तंजावरला भोसल्यांची गादी होती. त्या काळात इकडे आलेल्या घरांतलं मराठी चुलीपाशी तगलं, कारण भात-आमटीचे शब्द रोज तोंडी येतात. उंबऱ्याबाहेर मात्र शाळा, बाजार, सवंगडी सगळे तमिळ. झाडापाखरांची मराठी नावं कुणाच्या तोंडून ऐकणार? आजीला देवनागरी वाचता येत नव्हती. तिने ती नावं झाडांवरच ठेवली आणि आम्हाला शोधायला लावली.

एकदा भाताच्या खाचरात चोचीत फट असलेला मोठा पक्षी गोगलगाय टिपताना दिसला. ‘नत्तै कुत्ति नारै!’ मी म्हणालो. मराठी नाव आजीलाही ठाऊक नव्हतं. तिने एक चिंचोका पदराच्या गाठीत बांधला. ‘हा उधार.’

नोकरीसाठी पुण्यात आलो. पक्षी पाहणाऱ्यांच्या संगतीत ते नाव सापडलं: मुग्धबलाक. सांगायला आजी उरली नव्हती. या पक्ष्याच्या पिल्लाच्या चोचीत फट नसते, ती वयाबरोबर पडते, हेही तिथेच कळलं. माझ्यातही तशी फट पडत होती. सुगरण चटकन आठवे, तूक्कणांकुरुवी ओठांवर येईना. मग मुठेकाठी लेकीबरोबर तोच खेळ मांडला. आता चिंचोका अडायचा तमिळ नावापाशी.

गेल्या पोंगलला नातीला कुंभकोणमला नेलं. सांबा भाताची कापणी चालली होती. बांधावरून तिने बोट दाखवलं, ‘मुग्धबलाक!’ मी गप्प राहिलो. ती थेट कापणी करणाऱ्या बाईंकडे गेली, विचारून आली आणि अडखळत म्हणाली, ‘नत्तै... कुत्ति... नारै.’

मी खिशातला चिंचोका तिच्या तळहातावर ठेवला. आजीची उधारी फिटली. नात मुठीत तो घट्ट धरून पुढच्या खाचराकडे पळाली.