तळ न दिसणारे पाणी : ‘कालिया मर्दन’, १९१९

१/ पारोळ्याच्या भुईकोट किल्ल्याला खंदक आहे. खंदकाची निम्मी ताकद त्याच्या खोलीत असते, निम्मी तळ न दिसण्यात. पाण्याखालचे भयपट या दुसऱ्या निम्म्यावर उभे असतात. मराठी मातीत त्यांचा पूर्वज शंभर वर्षांहून जुना आहे.

२/ १९१६. अमेरिकेत ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ प्रदर्शित झाला. विल्यमसन बंधूंनी बहामाच्या नितळ समुद्रात काचेच्या खिडकीची कोठी उतरवून चित्रण केले. त्यातला अजस्र अष्टपाद मात्र कृत्रिम होता.

३/ तीनच वर्षांनी नाशिकहून दादासाहेब फाळके यांचा ‘कालिया मर्दन’ आला. फाळके छायाचित्रकार होते, मुद्रक होते आणि जादूगारही. आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते जादूचे प्रयोग करीत.

४/ या जादूगाराने युक्ती आधीच उघड केली. आरंभी त्यांची चिमुकली कन्या मंदाकिनी स्वतःच्याच रूपात दिसते. चेहऱ्यावर एकेक भाव उमटतात आणि त्याच चेहऱ्यातून बाळकृष्ण साकारतो. म्हणजे पुढे डोहात उतरणार आहे ती दिग्दर्शकाची लेक, हे प्रेक्षकाला ठाऊक असते.

५/ तरीही जीव टांगणीला लागतो. पाण्याखाली कृष्ण आणि कालियाची झुंज, काठावर व्याकूळ गोकुळ, अशी दृश्ये आळीपाळीने येतात. नाग बनावट आहे हे आजच्या डोळ्यांना क्षणात कळते. काठावरची भीती मात्र खरी वाटते.

६/ १९५४ च्या ‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’मध्ये नायिका निर्धास्त पोहते आणि तिच्या खाली, तिच्याच लयीत, जलचर पोहतो. रबरी पोशाखात रिकू ब्राउनिंग श्वास रोखून पोहत होते. येथेही वरच्याला खालचे दिसत नाही. दोन्ही दिसते ते फक्त प्रेक्षकाला.

७/ फाळके यांचे बहुतेक मूकपट नष्ट झाले. ‘कालिया मर्दन’चे तुकडे फाळके कुटुंबाकडून मिळवून पी. के. नायर यांनी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी जुळवले. ते हाती लागले नसते, तर भारतीय पडद्यावरचा हा जलदैत्य केवळ जुन्या जाहिरातींत उरला असता.

८/ रबर विरते, फिल्म कुजते, तंत्र शिळे होते. काठावर उभ्या माणसाची नजर शिळी होत नाही. फाळके यांनी कॅमेरा पुन्हा पुन्हा काठाकडे वळवला, म्हणून तो डोह आजही खोल आहे.